भाच्याने ग्रीसहून ओरेगॅनोची जुडी आणली आणि माझी बांगड्याची आमटी कडू झाली

माडाखालची, वेंगुर्ला

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसतं वाचून जाते, तेही दुपारी भांडी उरकल्यावर. आज लिहायला बसले कारण घरात दोन दिवस जेवणाच्या वेळी माझ्याकडे सगळे संशयाने बघतायत, आणि त्याला कारण ओरेगॅनो.

भाचा बोटीवर असतो. दसऱ्याला सुट्टीवर आला तो सगळ्यांना चॉकलेटं आणि मला एक जुडी घेऊन. अथेन्सच्या बंदराला, पिरेअसला, त्याची बोट लागली होती, तिथल्या बाजारातून घेतलेली. हातभर लांब वाळक्या काड्या, शेंड्याला करड्या-हिरव्या पानाफुलांचे झुबके, मध्ये सुतळी आणि वरून प्लास्टिकची पिशवी. सासूबाईंनी ओटीवरूनच विचारलं, "एवढ्या लांबसून वाढवण कित्याक हाडलंस रे?" वाढवण म्हणजे आमच्याकडे झाडू. भाचा म्हणाला, "आजी, ओरेगॅनो तो. पिझ्झ्यार घालतत." त्यावर सासूबाई पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

मला ओरेगॅनो माहीत होता तो पुडीतला. मुलगा डोंबिवलीहून येताना पिझ्झ्याबरोबर मिळालेल्या पुड्या साठवून आणतो. त्या मी ऑम्लेटवर टाकल्यात, मक्याच्या कणसावर टाकल्यात, एकदा तर पोह्याच्या पापडावरही. अख्खी पुडी रिकामी केली तरी काही बिघडत नाही. त्याच हिशेबाने चालले आणि फसले.

परवा बाजारात बांगडा सुरेख होता. आमटी नेहमीचीच केली: नारळाची एक कवड, 8 ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे, हळद. आणि त्याच वाटणात त्या जुडीतला पाला ओरबाडून चांगला मोठा चमचाभर घातला आणि सगळं मिक्सरला गंधासारखं वाटलं. तिरफळं ठेचून टाकली, 4 आमसुलं टाकली. उकळी आली तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण मांजर चुलीजवळून उठून गेली.

ह्यांनी पहिला घास घेतला, भात तसाच ठेवला आणि विचारलं, "खोकलो कोणाक झालो हा?" सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी बांगड्याची तुकडी सोलकढीत बुचकळून, वरचं वाटण धुऊन काढून खाल्ली. बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं. मी स्वतः चव घेतली तर आधी काढा, मग कडू, आणि शेवटी जिभेच्या टोकाला मुंग्या. एवढे सुंदर बांगडे होते हो.

तर आता विचारायचंय ते असं. जुडी जवळजवळ सगळी शिल्लक आहे, भाच्याने प्रेमाने आणलेली, टाकवत नाही. पिझ्झा मी करत नाही, घरात ओव्हन नाही, आणि मुद्दाम ह्याच्यासाठी घेणारही नाही. आपल्या रोजच्या स्वयंपाकात हा नेमका कशात चालतो आणि कधी घालायचा? शिवाय पावसाळा आला की आमच्याकडे पापडसुद्धा डब्यात मऊ पडतात, तिथे ही जुडी टिकवायची कशी?

आणि एक शंका. आमच्या विहिरीच्या कठड्याला पानओव्याचं नुसतं रान माजलंय. त्याचं पान चुरडलं की थेट ह्या जुडीसारखाच वास. दोन्ही एकच आहेत का? तसं असेल तर ग्रीसहून आणायची गरज काय होती, असं सासूबाई विचारतायत. (त्या विचारतायत म्हणजे मीही विचारतेय.)

खवचट_बगळा, ठाणे

ताई, जुडी उलटी धरा आणि पडवी झाडून काढा. सासूबाईंना पहिल्या दिवशीच कळलं होतं.

गॅलीतला_चाचा, दाभोळ

बगळ्याकडे लक्ष देऊ नका ताई. तुमच्या यजमानांचं नाक मात्र शाबूत आहे, खोकला त्यांना उगाच नाही आठवला. ओव्याला ज्यामुळे ओव्याचा वास येतो ते थायमॉल ओरेगॅनोतही असतं, आणि जोडीला त्याचं सख्खं भावंड म्हणावं असं कार्वाक्रॉल. आयुर्वेदिक दुकानात ओव्याची फुलं म्हणून पांढरे खडे मिळतात ना, ते थायमॉलच. ग्रीसच्या डोंगरातल्या ओरेगॅनोत सहसा कार्वाक्रॉलचा भाग मोठा असतो, मुंग्या त्याच्या. आता सांगा, आमटीच्या वाटणात ओवा मोठा चमचाभर घातला असतात का?

पुडीवर जाऊ नका. बऱ्याचशा पुड्यांच्या पाठीवर बारीक अक्षरांत वाचा: मीठ, लसणाची पूड, मिरची, माल्टोडेक्स्ट्रिन. ओरेगॅनो त्यात पाहुण्यासारखा. तुमच्या जुडीत तो एकटा घरमालक आहे.

मी 24 वर्षं बोटीवर काढली, शेवटची 11 चीफ कुक म्हणून. एका बल्क कॅरियरवर कॅप्टन ग्रीक होता. पहिल्याच आठवड्यात त्याला खूश करायला मी मटणाच्या रश्श्यात मूठभर ओरेगॅनो घालून दीड तास शिजवला. तो जेवला नाही, उठून गॅलीत, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरात, आला. माझ्या पोटात गोळा. पण रागावला नाही बिचारा. बरणीतली एक काडी घेतली, दोन तळव्यांत चोळली, माझ्या नाकाखाली धरली आणि मग तळलेल्या बटाट्यांच्या ताटावर हात झटकले. "रीगानी," म्हणाला. ते लोक ओरेगॅनोला रीगानी म्हणतात. आपल्याकडे वेफर्सवर जसा टोमॅटो-मसाला, तसे तिकडे दुकानोदुकानी रीगानीचे वेफर्स लटकलेले असतात. त्या दिवसापासून मी ओरेगॅनो पातेल्यात कमी आणि ताटावर जास्त घालायला लागलो.

आता तुमची चूक कुठे झाली. तुम्ही त्याच आमटीत तिरफळं ठेचून टाकलीत. वाटलीत का? नाही. बिया काढता, टरफलं नुसती ठेचता, उकळत्या आमटीत सोडता आणि खाताना बाजूला काढता. कारण तिरफळ वाटलं की आमटी कडू आणि जीभ बधिर, हे तुम्हाला तुमच्या सासूबाईंनी शिकवलं असणार. मग जे तिरफळाला करत नाही ते ह्या परक्या पोराला का केलंत? वाळका ओरेगॅनो पाण्याबरोबर मिक्सरला फिरवला की पानातला सगळा कडवटपणा बाहेर येतो आणि वाटणात बसतो, परत निघत नाही.

दुसरं, ह्याचा वास तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. ताकात, वरणात, पातळ सारात घातला तर नुसता पालापाचोळा तरंगतो. टोमॅटो शिजवून काही करणार असाल तर लसणीबरोबर मंद आचेवरच्या तेलात चिमूटभर टाका आणि लगेच टोमॅटो घाला. लगेच, कारण तो जिऱ्यासारखा तडतडत नाही, गुपचूप करपतो. बाकी सगळीकडे शेवटी, वरून, चोळून.

तिसरं माझं स्वतःचं मत आहे, कोणी पुस्तकात शोधू नये. जिथे नारळ आहे तिथे ओरेगॅनो नको. नारळाचा गोडवा आणि ह्याचा औषधी वास सवतीसारखे एका घरात नांदत नाहीत. जिथे तेल आहे, आंबट आहे आणि विस्तव आहे तिथे तो राजा. आपल्याकडे अशी जागा कमी, पण आहे. बांगडा चुलीत भाजता ना? मग आमटीचा नाद सोडा.

4 बांगडे घ्या, पोट साफ करून, दोन्ही बाजूंनी तीन तीन चिरा. मीठ लावा आणि बाकी काही लावू नका, मसाला तर अजिबात नको. निखाऱ्यावर जाळी ठेवून भाजा, कातडी फुगून काळी व्हायला हवी. तोवर मुरांब्याच्या रिकाम्या बाटलीत दीड लिंबाचा रस, तीन लिंबांच्या रसाला पुरेल एवढं, म्हणजे रसाच्या दुप्पट तेल, ठेचलेली एक लसूण पाकळी, मीठ आणि तळव्यांत चोळलेला ओरेगॅनो अर्धा चहाचा चमचा. झाकण लावून दणदणीत हलवा, रस दाटसर आणि दुधट दिसेल. मासा ताटात आला की गरम असतानाच वरून ओता. ग्रीक लोक ह्याला लादोलेमोनो म्हणतात, तेल-लिंबू इतकाच अर्थ. त्यांचं ऑलिव्ह तेल, पण ते आणायला धावू नका, घाण्याचं शेंगदाणा तेल उत्तम चालतं. खोबरेल नको, कारण वर सांगितलंच.

पाला काढून झाल्यावर काड्या फेकू नका. मासा उतरवायच्या एक मिनिट आधी दोन काड्या निखाऱ्यावर टाका.

ता. क. पिझ्झा म्हणजे ओरेगॅनो हेही खरं नाही. नेपल्समधल्या मार्गेरितावर बेसिलची ताजी पानं असतात, ती आपल्या तुळशीच्या जवळची. ओरेगॅनो असतो मारिनारावर, ज्याच्यावर चीज नसतंच. टोमॅटो, लसूण, तेल आणि हा. बघा, पुन्हा तेल आणि आंबट.

मसाल्याचा_डबा, पनवेल

चाचा, रेसिपी झकास, पण नारळाबद्दल सहमत नाही. मी कोळंबी लसणीवर परतून नारळाच्या दाट दुधात सोडते आणि शेवटी ओरेगॅनो भुरभुरवते. पोरं ताट चाटतात.

आणि बाटलीतल्या रसाचं गणित चुकलंय का तुमचं? दीड लिंबाचा रस की तीन?

गॅलीतला_चाचा, दाभोळ

गणित लिहिण्यात घोटाळा झाला, माफी. रस दीड लिंबाचा. तेल त्याच्या दुप्पट. ओरेगॅनो अर्धा चहाचा चमचा, बस.

कोळंबीचं म्हणाल तर दूध वेगळं आणि भाजलेल्या मिरची-धण्यांचं वाटण वेगळं. दुधात दुसरा कोणी वासाचा नसतो, त्यामुळे खपत असेल. माझ्या घरात नाही खपणार, पण पोरं तुमची आहेत.

जांभ्यावरची_बाग, रत्नागिरी

स्वयंपाकात मला गती नाही, झाडांचं सांगते.

पानओवा आणि ओरेगॅनो एक नाहीत, पण कुळ एकच. दोघंही तुळस-पुदिन्याच्या घराण्यातले. आपण ज्याच्या बिया खातो तो ओवा मात्र कोथिंबीर-बडीशेपेच्या घराण्यातला. वास मिळताजुळता येतो कारण चाचा म्हणतात ती दोन द्रव्यं ह्या सगळ्यांनी कमीजास्त वाटून घेतली आहेत. कॅरिबियन बेटांवर पानओवाच ओरेगॅनो म्हणून वापरतात, आणि बाहेरच्या नर्सऱ्यांत तो क्यूबन ओरेगॅनो नावाने विकला जातो. मेक्सिकोत ज्याला ओरेगॅनो म्हणतात तो तर तिसऱ्याच कुळातला, घाणेरीच्या नात्यातला. म्हणजे ओरेगॅनो हे झाडाइतकंच वासाचंही नाव झालंय.

तेव्हा सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे. पण पानओव्याचं पान मांसल, पाण्याने भरलेलं. वाळवलं तर त्यात काही उरत नाही. तो ताजाच खायचा, भज्यांत, नाहीतर बारीक चिरून ऑम्लेटात. ओरेगॅनोचं उलटं, ताज्यापेक्षा वाळलेला जास्त बोलतो. साधारण ताजा तीन चमचे तिथे वाळका एक.

ओरेगॅनोची खरी सख्खी बहीण तुमच्या वेणीत आहे. मरवा! दोघांचं शास्त्रीय नावही ओरिगॅनम असंच सुरू होतं. इंग्रजीत ज्याला मार्जोरम म्हणतात आणि युरोपात सॉसेज-सूपमध्ये घालतात, तो आपला अबोलीच्या वळेसरात माळायचा मरवा. त्याला गोडसर वास, चटका नाही.

आता लावायचं असेल तर. जुडीच्या शेंड्याला वाळकी फुलं आहेत म्हणालात. ती पांढऱ्या कागदावर चोळा. धुळीसारखे तपकिरी कण पडले तर ते बी. जुडी ऐन फुलोऱ्यात कापलेली असेल तर बहुतेक बी भरलेलं नसेल, तरी करून बघायला काय जातंय. बी नाचणीपेक्षा कितीतरी बारीक असतं, मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती घालायची नाही, त्याला उजेड लागतो. पाणी फवाऱ्याने. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत दिसायला हवं. मुंग्या नेतात, कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवा.

माती हा खरा मुद्दा. हे झाड भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, चुनखडीच्या डोंगरातलं. आपली जांभ्याची माती आंबट, आणि वर 3000 मिलिमीटरचा पाऊस. मी पहिली तीन रोपं अशीच घालवली, शेणखत भरपूर आणि रोज पाणी. पानं लुसलुशीत आली, वास म्हणाल तर गवताचा, आणि मृगाच्या दुसऱ्या आठवड्यात बुंधा काळा पडून सगळी बसली. चौथ्या वेळी मातीच्या कुंडीत तळाला जांभ्याच्या कपच्या, वर निम्मी लाल माती, निम्मी नदीची जाड वाळू (समुद्राची नको, खार उतरतो), शेणखत ओंजळभर. आणि तिसऱ्यांची (कालवण करतो तो शिंपल्यातला जीव) शिंपलं. तिसऱ्या खाऊन झाल्या की शिंपलं धुऊन, वाळवून, खलबत्त्यात भरड कुटून मातीत मिसळते. चुना हळूहळू सुटतो. ते रोप आता तिसरं वर्ष काढतंय. जून ते सप्टेंबर कुंडी पडवीत, पागोळ्यांपासून हातभर आत, पण उजेडात. पाणी वरची माती कोरडी झाल्याशिवाय नाही. ऊन मात्र बाकीचे आठ महिने पोटभर.

वेणीवाली, सावंतवाडी

मरवा खातात??? मी 30 वर्षं माळतेय!

जांभ्यावरची_बाग, रत्नागिरी

खातात हो. पण बाजारातल्या वेणीतला खाऊ नका, त्यावर काय फवारलंय देव जाणे. कुंडीत लावा, काडी लगेच धरते.

गॅलीतला_चाचा, दाभोळ

टिकवायचं राहिलंच सांगायचं. ग्रीसमध्ये जुडी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगून ठेवतात, वर्षभर. तसं इथे केलंत तर नागपंचमीपर्यंत बुरशीची दाढी येईल. आत्ता हवा कोरडी आहे तोवर एक दिवस सावलीत कागदावर पसरा, उन्हात नको. मग पाला-फुलं हाताने काडीवरून उलटी ओढून काढा, पण भुगा करू नका, पानं जितकी अख्खी तितका वास आत राहतो. कोरड्या काचेच्या बरणीत, तळाला कपड्यात बांधलेले भाजके तांदूळ, आणि बरणी अंधाऱ्या फडताळात. चुलीशेजारच्या फळीवर अजिबात नको. ओल्या चमच्याला आणि कढईच्या वाफेला बरणी दाखवायची नाही. कढईवर बरणी धरून हलवणारे लोक मी पाहिलेत, पुढच्या महिन्यात तेच विचारतात की ढेकळं का झाली.

माडाखालची, वेंगुर्ला

मंडळी, महिना होऊन गेला, हिशोब द्यायला आले.

पहिल्यांदा बांगडा. चाचांनी सांगितला तस्साच केला, मसाला न लावता. सासूबाई जाळीजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "बांगड्याक तिरफळां पुरे, दुसरां काय नको," आणि शेवटी काड्या निखाऱ्यावर टाकल्या तेव्हा नाकाला पदर लावून आत गेल्या. ह्यांना मी काय घातलंय ते सांगितलंच नाही. त्यांनी एक खाल्ला, दुसरा घेतला, मग बाटलीत उरलेला रस भातावर ओतून घेतला. खोकल्याची चौकशी झाली नाही. तिसऱ्या बांगड्याला मीच हात आडवा धरला, मला एक तरी राहायला हवा होता. सासूबाईंनी आपला वेगळा, तिरफळाच्या तिखल्यातला खाल्ला. त्यांच्याशी माझं ह्या विषयावर बोलणं थांबलंय, पण भांडण नाही.

मग मी जरा शेफारले. लिंबू संपलं होतं म्हणून एकदा आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, वापरून बघितलं. रंग शाईसारखा, आणि कोकमाचा तुरटपणा नि ओरेगॅनोचा कडवटपणा एकमेकांना धरून बसले. करू नका. घावण्याच्या पिठात घातला, तोही वाया. तांदळाच्या घावण्याला स्वतःचा वास इतका नाजूक की हा त्याच्या छातीवर बसला. बेकरीच्या कडक पावावर मात्र शेंगदाणा तेल, मीठ, चोळलेली चिमूट आणि तव्यावर उलटा दाबून दोन मिनिटं, हे ह्यांना इतकं आवडलंय की चहाबरोबर रोजची फर्माईश आहे.

पण खरी गंमत कणग्यांनी केली. बाजारात नव्या कणग्या, म्हणजे रताळ्यासारखे गोडसर कंद, आल्या आहेत. आम्ही त्या मिठाच्या पाण्यात उकडून नुसत्याच खातो. चाचांचे ते कॅप्टनचे बटाटे डोक्यात होते. उकडलेल्या कणग्या सोलल्या, हाताने जरा दाबून फोडल्या, म्हणजे कडा भरड झाल्या. बिडाच्या तव्यावर तेलात खरपूस होईपर्यंत हलवल्याच नाहीत. उलटल्या, मीठ, लिंबू पिळलं, आच बंद केली आणि मग ओरेगॅनो चोळला. कणगीचा मुळातला गोडवा, कडांचा कुरकुरीतपणा, आंबट आणि शेवटी तो डोंगरी वास. इथे मला पहिल्यांदा वाटलं की हा पाहुणा आमच्याच घरातला आहे. सासूबाईंनी पाच खाल्ल्या. विचारलं, "ह्यात ओवो घातलंस?" मी हो म्हटलं. पानओवा, ओवा, ओरेगॅनो, कुळाचं सगळं बागताईंनी सांगितलंय, तेव्हा अगदीच खोटं नाही.

(ओव्यावरून आठवलं, पानओव्याची भजी त्याच दिवशी केली. तीही छान, पण ती आम्ही आधीही करायचोच.)

पाला बरणीत भरलाय, पाऊण बरणी निघाला. काड्या सासूबाईंनी स्वतः सुतळीने बांधून न्हाणीघराच्या चुलीजवळ ठेवल्या आहेत, बंब पेटवायला. सकाळी अंघोळीच्या पाण्याला धुराबरोबर तो वास येतो, मला आवडतो, मी कोणाला सांगत नाही.

बागताई, बी निघालं! दोन चिमटी तपकिरी धूळ पडली कागदावर. शिंपलं घातलेल्या मातीत भुरभुरवलं, बाराव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके दिसले. 14 मोजले, 5 मुंग्यांनी नेले कारण ताटलीतलं पाणी मी एक दिवस विसरले. 9 आहेत. आता बोटाच्या एका पेरावर आलीत, दोन-दोन पानांच्या तीन जोड्या. सगळी एकाच कुंडीत दाटीने आहेत. वेगळी कधी करू? आणि शेंडा खुडायचा असतो म्हणतात, तो आत्ताच का?

जांभ्यावरची_बाग, रत्नागिरी

अरे वा, 9 म्हणजे खूप झाली, मी 2 ची अपेक्षा केली होती.

शेंडा आत्ता नको. पानांच्या चार जोड्या होऊ दे, मग संध्याकाळी एकेक रोप खालच्या मातीसकट चमच्याने उचलून वेगळ्या कुंडीत. दोन दिवस सावलीत, मग उन्हात. चार बोटं उंच झालं की शेंड्याची एक जोडी नखाने खुडा, बाजूने फुटवे येतील आणि झाड पसरट होईल. फुलं येऊ देऊ नका, कळ्या दिसायला लागल्या की तीच कापायची वेळ, तेव्हा वास सगळ्यात भरलेला असतो.

दोन रोपं जास्त झाली तर मला ठेवा. मार्चमध्ये शिरोड्याला नणंदेकडे येणार आहे.